हाताला कळलं, तरच शिकणं

'प्रशिक्षण' हा शब्द उच्चारला की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे एकच चित्र उभं राहतं. सभागृह, मागे फलक, समोर खुर्च्या, पाहुण्यांचं स्वागत, पडद्यावर भराभर सरकणारी अक्षरं. मध्ये चहा-वडा, शेवटी प्रमाणपत्रं आणि एक सामुदायिक छायाचित्र. दुसऱ्या दिवशी सकाळी माणसं कामावर येतात आणि काल जसं काम चालू होतं तसंच ते आज चालू राहतं. आपल्याकडे याला फार जुना शब्दप्रयोग आहे – पालथ्या घड्यावर पाणी. गंमत अशी, की आपण दोष नेहमी घड्याला देतो, ओतणाऱ्याला कधी देत नाही.

कामाच्या ठिकाणी दिलेलं शिक्षण माणसाच्या वागण्यात कसं उतरेल, याबद्दल आज तुमच्याशी बोलायचं आहे. गेली बरीच वर्षं मी निफाड आणि दिंडोरी तालुक्यांतल्या द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये आणि वायनऱ्यांमध्ये कामगारांच्या प्रशिक्षणाची आखणी करते. त्यातही विंचूरला माझं जाणं-येणं जास्त. नाशिकहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं हे गाव. पेशवाईतल्या विंचूरकर सरदारांचं म्हणून इतिहासात ओळखलं जाणारं, आणि आज कांद्याच्या लिलावासाठी लासलगावच्या जोडीनं नाव घेतलं जाणारं. महाराष्ट्र सरकारनं २००१ मध्ये द्राक्षप्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं. त्यानंतर राज्यात दोन वाइन पार्क झाले. एक सांगली जिल्ह्यात पलूसला, दुसरा इथं विंचूरला. म्हणजे या एका परिसरात कांद्याची खळी आहेत, द्राक्षांचे मळे आणि पॅकहाऊस आहेत, आणि वाइनच्या टाक्याही आहेत. माणूस काम कसं शिकतो, हे पाहायला याहून चांगली शाळा मला मिळाली नसती.

आधी द्राक्षाचं उदाहरण घेऊ. युरोपला जाणारं द्राक्ष मळ्यातून तोडल्यावर पॅकहाऊसमध्ये येतं. तिथं बायका घड हातात घेतात, कात्रीनं खराब मणी काढतात, वजन करून डब्यात भरतात. मग माल लवकरात लवकर थंड करून शून्य-एक अंश तापमानाला ठेवतात, आणि पुढं तीन-चार आठवड्यांचा समुद्रप्रवास. द्राक्षाच्या मण्यावर एक पांढरट, मेणासारखा थर असतो. तो द्राक्षाचं नैसर्गिक कवच आहे. मण्यातलं पाणी तो धरून ठेवतो, आणि ताजेपणाची खूण म्हणून गिऱ्हाइकही तोच पाहतं. बोट लागलं की तो पुसला जातो आणि पुन्हा येत नाही. म्हणून घड देठाला धरायचा, मण्यांना तळहात लागू द्यायचा नाही, हा पॅकहाऊसमधला पहिला नियम.

हा नियम शिकवायचे दोन मार्ग आहेत. पहिला म्हणजे तासभराचं व्याख्यान. निर्यातीचं महत्त्व, देशाला मिळणारं परकीय चलन, गुणवत्तेची मानकं, आणि सोळाव्या मिनिटाला कधीतरी 'घड देठाला धरावा.' दुसरा मार्ग आम्ही वापरतो. एकाच वेलीचे दोन घड आणायचे. एक घड दोन-तीन जणींनी नेहमीसारखा तळहातावर फिरवायचा, दुसरा फक्त देठाला धरायचा. दोन्ही उजेडात शेजारी-शेजारी ठेवायचे. एकाचे मणी चकचकीत, ओल्या बोटांच्या डागांचे, दुसऱ्यावर तो पांढरा थर तसाच. मग विचारायचं, "मावशी, तुम्ही पैसे देऊन घेणार असाल तर कोणता घ्याल?" उत्तर मला सांगावं लागत नाही. त्यानंतर प्रत्येकीनं स्वतः घड उचलायचा, फिरवायचा, कात्री चालवायची, भरायचा. हात चुकला तर तिथंच थांबवून पुन्हा. आणि शेवटी प्रत्येकीनं शेजारणीला हेच शिकवून दाखवायचं, का करायचं ते सांगत. या सगळ्याला पंधरा-वीस मिनिटं लागतात.

ही पद्धत माझी नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत जहाजबांधणीसाठी हजारो नवखी माणसं कामाला लावायची होती. तेव्हा चार्ल्स अ‍ॅलन यांनी शिकवण्याचे चार टप्पे मांडले – शिकणाऱ्याची तयारी करा, काम दाखवा, त्याच्याकडून करून घ्या, आणि मग त्याला ते जमलं का ते तपासा. दुसऱ्या महायुद्धात, १९४० ते १९४५ या काळात, याच पायावर अमेरिकेत मोठी मोहीम चालली. १६ हजारांहून अधिक कारखान्यांतल्या सुमारे साडेसतरा लाख लोकांना त्यातून प्रशिक्षण मिळालं. युद्धानंतर ती पद्धत जपानला गेली आणि तिथल्या मोटार कारखान्यांत मुरली. तिचं सार एका वाक्यात सांगता येतं. कामगार शिकला नसेल, तर शिकवणाऱ्यानं शिकवलेलंच नाही.

पण जहाजाच्या कारखान्यापर्यंत जायचंही कारण नाही. विंचूरच्या कुठल्याही कांद्याच्या खळ्यावर जाऊन उभे राहा. नवी आलेली बाई जुनीच्या शेजारी बसते. समोर ढीग. गोल्टी बाजूला, डागी बाजूला, जोडकांदा बाजूला. नवीनं चुकीचा कांदा टाकला की जुनी तो उचलून तिच्या हातात परत देते, "हा बघ, मान ओली आहे, हा टिकायचा नाही." कांदा हातात असतानाच चूक कळते आणि कारणही कळतं. काही दिवसांत नवीचे हात न बघता चालायला लागतात. तिथं फलक नाही, पाहुणे नाहीत, प्रमाणपत्र नाही. प्रशिक्षणाची आखणी करणाऱ्यानं आधी अशा खळ्यावर दोन दिवस बसावं, असं मी नेहमी सांगते.

यातून आखणीचं पहिलं सूत्र निघतं. 'काय सांगायचं' याची यादी करण्याआधी 'कोणाच्या हातानं, कोणत्या क्षणी, काय वेगळं करायला हवं' हे एका वाक्यात लिहायचं. 'स्वच्छतेबद्दल जागृती' हे वाक्य कामाचं नाही. 'शौचालयातून आल्यावर टेबलाला हात लावण्याआधी साबणानं हात धुणं' हे वाक्य कामाचं आहे, कारण ते घडलं की नाही हे डोळ्यांना दिसतं.

दुसरं सूत्र वेळेचं. हर्मान एबिंगहाऊस या जर्मन मानसशास्त्रज्ञानं स्वतःवरच स्मरणाचे प्रयोग करून १८८५ मध्ये ते प्रसिद्ध केले. अर्थ नसलेली अक्षरं पाठ करायची आणि किती काळानं किती विसरलो ते मोजायचं. त्याला आढळलं, की निम्म्याहून जास्त तासाभरातच जातं आणि दिवसभरात सुमारे दोनतृतीयांश. कामाचं शिक्षण अर्थहीन अक्षरांइतकं निसटतं नसतं हे खरं, पण घसरणीची दिशा तीच. असं असताना पॅकहाऊसचा हंगाम जानेवारीत आणि प्रशिक्षण सप्टेंबरात, कारण तेव्हा सभागृह मोकळं असतं, हे आपल्याकडे सर्रास चालतं. त्यापेक्षा हंगामाच्या पहिल्या दिवशी वीस मिनिटं आणि नंतर रोज पाळी सुरू होताना पाच-सात मिनिटं, हे कितीतरी जास्त टिकतं. रोज एकच गोष्ट. आज कात्री, उद्या देठ, परवा वजनकाटा.

आता ज्या प्रशिक्षणात जिवाचा प्रश्न असतो, त्याकडे येते.

द्राक्षाचा रस आंबतो तेव्हा साखरेचं मद्य होतं आणि कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो. एक लिटर रसातून त्याच्या चाळीस पटींहून जास्त वायू निघतो. त्याला रंग नाही. तो हवेपेक्षा दीडपट जड, म्हणून टाकीच्या तळाशी, बंद खोलीत जमिनीलगत साचून राहतो. लाल वाइनची टाकी रिकामी केल्यावर तळाशी चोथा उरतो आणि तो फावड्यानं ओढून काढायला माणूस आत उतरतो. टाकी रिकामी दिसते. पण ती वायूनं भरलेली असू शकते. अशा हवेत माणूस एक-दोन मिनिटांत बेशुद्ध पडू शकतो. बाहेरचा सोबती ते पाहतो, आणि त्याला वाचवायला तोही उडी घेतो.

हे कागदी भय नाही. एप्रिल २०२४ मध्ये, विंचूरहून काही तासांच्या अंतरावर, नेवासे तालुक्यातल्या वाकडी गावात एक मांजर जुन्या विहिरीत पडलं. त्या विहिरीत शेण साठवलेलं होतं. मांजराला काढायला एक जण उतरला, तो वर येईना म्हणून दुसरा, मग तिसरा. एकापाठोपाठ एक सहा जण उतरले आणि पाच जण गेले. कमरेला दोरी बांधून उतरलेला एक जण वाचला. अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संस्थेनं १९८६ मध्ये बंदिस्त जागांतल्या मृत्यूंबद्दल इशारा दिला होता, की मरणाऱ्यांत निम्म्याहून जास्त लोक वाचवायला गेलेले असतात.

विचार करा, इथं माहिती कमी पडते का? 'टाकीत वायू असतो' हे वायनरीतल्या प्रत्येकाला माहीत असतं. भिंतीवर पाटीही असते. पण समोर आपला सोबती कोसळतो तेव्हा पाटी आठवत नाही. तेव्हा अंगात भिनलेली सवयच कामाला येते. आणि वर्षानुवर्षांचा संस्कार सांगत असतो, की माणूस बुडतोय तर उडी मार. या चांगल्या, माणुसकीच्या ओढीला त्या क्षणी आवर घालायला शिकवणं, हे मी पाहिलेलं सगळ्यात अवघड प्रशिक्षण आहे.

आम्ही ते असं करतो. आधी एका मोठ्या भांड्यात आंबणारा रस घेऊन पेटती मेणबत्ती तारेनं आत सोडायची. ज्योत विझते. दिसलं काहीच नाही, आवाज नाही, तरी विझली. सगळे गप्प होतात. मात्र तिथंच बजावून सांगायचं, की हे फक्त दाखवण्यासाठी. मेणबत्ती जळते म्हणून हवा चांगली असं समजून कोणी टाकीत उतरायचं नाही. उतरण्याआधी हवा खेळवायची आणि वायूमापक यंत्रानंच तपासायचं.

मग खरा सराव. पोत्यात भुसा भरून माणसाएवढा बाहुला करायचा, त्याला कामाचे कपडे घालायचे आणि टाकीच्या झाकणाखाली ठेवायचा. टाकी आधी धुऊन, तपासून सुरक्षित केलेली. त्या दिवशी कोणावर पाळी येणार हे सांगायचं नाही. "अरे, गणपत पडला!" अशी हाक आली की पहिल्या माणसानं काय करायचं? जागेवर थांबायचं. ओरडून माणसं बोलवायची. भोंगा वाजवायचा. बाहेरून पंखा चालू करायचा. आणि टाकीत उतरलेल्याच्या अंगावर पट्टा व दोर आधीपासून बांधलेला असेल, तर तो बाहेरूनच ओढायचा. दोर आधी बांधलेला नसेल, तर त्या दिवशी कोणी आत जायलाच नको होतं, हेही त्याच वेळी उमगतं. पहिल्या खेपेला चांगली समजदार माणसंही थेट झाकणाकडे धावतात. चौथ्या-पाचव्या खेपेला पाय थांबतात. ते थांबणं हेच आमचं प्रशिक्षण. आणि दर हंगामाआधी ते पुन्हा करावं लागतं.

भोपाळच्या १९८४ च्या दुर्घटनेनंतर १९८७ मध्ये कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली, तेव्हा सुरक्षिततेची माहिती आणि प्रशिक्षण मिळणं हा कामगाराचा हक्क म्हणून लिहिला गेला. तो हक्क सहीच्या कागदानं पुरा होत नाही. 'मला सर्व सूचना समजल्या' या ओळीखालचा अंगठा टाकीत कोणाला वाचवत नाही.

आता एक वेगळी बाजू. दर वेळी दुखणं प्रशिक्षणाच्या अभावाचंच असतं असं नाही. रॉबर्ट मेगर नावाचे एक अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ होते. त्यांनी आणि त्यांचे सहकारी पीटर पाइप यांनी १९७० मध्ये एक साधी कसोटी मांडली. माणसाच्या जिवावर बेतलं तर त्याला ते काम करता येईल का? येत असेल, तर त्याला शिकवण्यात अर्थ नाही. ते काम तो का करत नाही, हे शोधा.

एका पॅकहाऊसमध्ये मला बोलावणं आलं, की बायका हात धूत नाहीत, त्यांना स्वच्छतेवर व्याख्यान द्या. मी आधी एक दिवस नुसती बसून राहिले. साठ बायकांना एक नळ होता, तोही शेडच्या दुसऱ्या टोकाला. साबण कार्यालयात कुलपात. आणि जाऊन येईपर्यंत मुकादमाचा आवाज, "कुठं गेली होतीस गं?" मी मालकांना म्हटलं, "भाऊ, व्याख्यान नको, दाराशी चार नळ लावा." नळ लागले, साबण ठेवला, आणि हात धुतले जाऊ लागले.

मजुरीचंही तसंच. टोळीला काम उक्तं दिलेलं असेल, म्हणजे जितक्या लवकर काम संपेल तितका दिवसाचा फायदा, तर घड सावकाश देठाला धरणारी बाई स्वतःच्या आणि टोळीच्या मजुरीवर पाणी सोडत असते. सकाळी आपण सांगायचं 'काळजीनं', आणि संध्याकाळी पैसे मोजायचे घाईचे. मग माणूस कोणाचं ऐकेल? कामगार फार हुशार असतो. मालकाला खरोखर काय हवंय, ते तो मजुरीच्या हिशेबावरून ओळखतो.

द्राक्षपट्ट्याला हा धडा २०१० मध्ये फार महागात पडला. युरोपात गेलेल्या भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या रसायनाचे अंश मर्यादेपेक्षा जास्त सापडले आणि माल अडकला. आपल्या शेतकऱ्यांच्या तोंडी ते 'सीसीसी' म्हणून रुळलेलं आहे. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर वेलीची वाढ आवरण्यासाठी ते सर्रास वापरलं जात होतं आणि निर्यातीआधीच्या तपासणीच्या यादीत ते तेव्हा नव्हतं. शेतकरी अडाणी होता म्हणून हे झालं नाही. त्याला जे सांगितलं गेलं होतं ते तो नीट करत होता. तिथं चूक यादीत होती, आणि यादीतली चूक शेतकऱ्यांचा मेळावा भरवून दुरुस्त होत नाही.

आणखी एका माणसाकडे आपलं दुर्लक्ष होतं, तो म्हणजे मुकादम किंवा पर्यवेक्षक. प्रशिक्षण बायकांचं असतं, तेव्हा तो बाहेर फोनवर बोलत उभा असतो. दुसऱ्या दिवशी तोच म्हणतो, "ते कालचं राहू दे, आज गाडी भरायची आहे." सगळं तिथंच संपतं. म्हणून आम्ही मुकादमाला आधी शिकवतो, आणि जमलं तर त्याच्याच तोंडून पुढच्यांना शिकवतो. एकदा त्यानं चारचौघींत 'देठाला धरा' असं स्वतः सांगितलं, की दुसऱ्या दिवशी त्याला उलटं सांगायला जड जातं.

शिकणाऱ्याच्या मानाचाही प्रश्न आहे. हंगामात सुरगाणा, पेठ भागांतून टोळ्या येतात. त्यांतल्या अनेकींची घरची बोली वेगळी. पुस्तकी मराठीत 'हाताळणी', 'निकष', 'प्रतवारी' असे शब्द फेकले, की त्या मान डोलावतात आणि आपल्याला वाटतं समजलं. त्याच बायकांच्या हाती घड दिला, की त्या आपल्याला दहा गोष्टी सांगतात. कोणत्या मण्याला आतून तडा आहे, कोणता घड सकाळच्या दवात तोडलेला आहे. इंडोनेशियात १९८९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेनं भातशेतकऱ्यांच्या शेतशाळा सुरू केल्या. तिथं शेतकरी दर आठवड्याला बांधावर जमत, रोपं तपासून किडी मोजत, चित्र काढत आणि फवारणी करायची की नाही ते आपापसांत ठरवत. अधिकारी भाषण देत नसे, तो प्रश्न विचारत असे. माणूस स्वतः पाहून जे ठरवतो ते तो सोडत नाही. माझ्या अनुभवात हे पॅकहाऊसलाही तितकंच लागू पडतं.

शेवटी मोजमाप. डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये प्रशिक्षण तपासण्याच्या चार पायऱ्या सांगितल्या. लोकांना ते आवडलं का, ते काही शिकले का, कामावर वागणं बदललं का, आणि त्यातून कामाला काय लाभ झाला. आपण बहुतेक वेळा पहिल्या पायरीवर थांबतो. 'कार्यक्रम फार छान झाला' असा अभिप्राय लिहून घेतो. तिसरी पायरी तपासायला मोठा खर्च लागत नाही. एक वही आणि दहा मिनिटं पुरतात. आठवड्यातून एकदा शेडच्या कोपऱ्यात उभं राहायचं आणि पन्नास घड मोजायचे. किती देठाला धरले, किती तळहातावर? प्रशिक्षणाआधी मोजा, आठवड्यानं मोजा, महिन्यानं मोजा. आकडा परत घसरला तर बायकांना रागवू नका. या आठवड्यात काय बदललं ते विचारा. कात्र्या बोथट झाल्या असतील, गाडीची घाई झाली असेल, निम्म्या बायका नव्या आल्या असतील.

तुमच्यापैकी कोणी दुकान चालवत असेल, कोणी शाळा, कोणी दवाखाना, कोणाच्या हाताखाली चार माणसं असतील. पुढच्या वेळी 'यांना एक ट्रेनिंग देऊन टाकू' असं मनात आलं, की सभागृह ठरवण्याआधी तासभर कामाच्या जागी उभे राहून बघा. त्यांना ते काम खरंच येत नाही का, की करू दिलं जात नाही? येत नसेल तर त्यांच्या हातात वस्तू द्या, करू द्या, चुकू द्या, तिथल्या तिथं सांगा. आणि पुढच्या सोमवारी पुन्हा जाऊन बघा. वाइनच्या टाकीपाशी मात्र चुकायला दुसरी संधी नसते, म्हणून तिथला सराव टाकी भरण्याआधीच पुरा झालेला असावा, एवढं सांगते आणि थांबते.